विसाव्या किलोमीटरवरचे रोडगे

रविवार, ३ डिसेंबर १९७८. सकाळी ६.१०
रुपराव चढाच्या वळणावरून दिसेनासा झाला. शिट्टी वाजवली. थांबला नाही. शिट्टी म्हणजे 'थांब' असे ठरले होते की 'वेग वाढव' असे, ते आता आठवत नाही. मी सेमिनरी हिलच्या पायथ्याशी, सायकल झाडाला टेकवून उभा आहे. पूर्ण चढ एका नजरेत घ्यायचा तर खालूनच.

६.३५. आला. घाम नाही. विचारले, दम लागला का. म्हणाला, नाही बाबूजी, तुमाले लागला का?

दुपारी. कामाला शिस्त लागावी म्हणून आजपासून नोंद ठेवतो. रुपराव आमच्या ऑफिसात सहा वर्षे रोजंदारीवर शिपाई. कुहीकडचा. डाक पायीच पोचवतो. सिव्हिल लाइन्स ते सीताबर्डी, तिथून धंतोली, आणि चहाच्या आत परत. परवा साहेबांनी मला बोलावून सांगितले, २१ जानेवारीला मोहगडची डोंगरदौड आहे. बत्तीस किलोमीटर, दोन डोंगर. रुपराव पहिल्या तिघांत आला तर खेळाडूंच्या जागेवर त्याला कायम करण्याची शिफारस करतो. नाही आला तर ३१ जानेवारीला रोजंदारीचे मस्टर बंद होते आहे, त्यात तोही गेला. त्याला दोन मुली आहेत.

मी हेडक्लार्क. रुपरावच्या तयारीची जबाबदारी मी घेतली. कोणी दिली नव्हती. म्हणूनच घेतली.

प्रेमिला म्हणाली, पळणार तो, मग उठून तुम्ही काहून राहिले? बायकोला संघटन म्हणजे काय हे समजावणे कठीण.

संकल्प: रोज साडेचारला उठणे.

मंगळवार, ५ डिसेंबर
उठलो नाही. गजर वाजला होता असे प्रेमिला म्हणते. बंद कोणी केला हे तिला माहीत नाही, मलाही नाही. रुपराव एकटाच पळाला. विचारांती असे वाटते की एकट्याने पळणे हाही तयारीचा भाग आहे, कारण डोंगरात तो एकटाच असणार. आठवड्यातून तीन दिवस त्याला मुद्दाम एकटे सोडायचे ठरवले.

शनिवार, ९ डिसेंबर
आठवड्यातून पाच दिवस एकटे सोडायचे ठरवले.

रविवार, १० डिसेंबर
रुपराव अनवाणी पळतो. माझे कॅनव्हासचे बूट त्याला दिले. फुटाळा तलावाला एक फेरी झाली, दोन्ही टाचांना फोड. बूट हातात घेऊन परत आला. म्हणाला, बाबूजी, पाय माह्या ओळखीचा हाये, जोडा नाही. बूट परत घेतले. थोडे सैल झाले आहेत. मला आता बरे बसतात.

शुक्रवार, १५ डिसेंबर
धंतोलीत दातांच्या डॉक्टरकडे दीड तास बसलो. तिथल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात लांब पल्ल्याच्या धावण्यावर लेख. शेवटचे पान कोणीतरी फाडून नेलेले, पण मुद्दा पुरेसा कळला. विसाव्या किलोमीटरच्या सुमारास माणसाच्या पोटातला साठा संपतो. पाय चालत नाहीत. काही जण रडतात. एकाने आईला हाक मारली, आई वारून बारा वर्षे झाली होती.

हा शोध नागपुरात अजून कोणाला लागलेला नसावा. रुपरावला सांगितले. म्हणाला, मी तं सकाळी चहा पिऊन निघतो, रात्री जेवतो. त्याला म्हटले, म्हणूनच तू अजून रोजंदारीवर आहेस. नंतर वाटले, हे बोलायला नको होते. पण तो हसला.

मंगळवार, १९ डिसेंबर
दौडीच्या मंडळाकडून टंकलिखित नकाशा आला. विसावा किलोमीटर बरोबर सालईटोला गावात पडतो. पहिला डोंगर उतरल्यावर आणि दुसरा चढण्यापूर्वी. मारुतीचा पार आहे. नकाशात तिथे लिहिले आहे: पाण्याचा ड्रम.

ड्रम! माणसे पळणार आहेत की म्हशी?

मी स्वतः सालईटोल्याला उभा राहणार. मंडळाला तसे कळवले. त्यांनी उत्तर दिले नाही. संमती गृहीत धरली.

बुधवार, २० डिसेंबर
सालईटोल्याच्या सरपंचांना पत्र. पहिल्या खर्ड्यात केळी आणि लिंबूपाणी असे लिहिले होते. खोडले. पत्रात तपशील घातला की गाव तपशिलावर वाद घालते. पत्रात अधिकार असावा. शेवटचा मसुदा असा:

'२१ जानेवारी रोजी आपल्या गावावरून धावत जाणाऱ्या मंडळींच्या भोजनाची उत्तम व्यवस्था व्हावी. कोणीही उपाशी पुढे जाता कामा नये. कुचराई झाल्यास गंभीर दखल घेतली जाईल.'

शेवटचे वाक्य सवयीने आले. वाचून पाहिले, चांगले वाटते. ऑफिसच्या कागदावर, गोल शिक्क्यासह पाठवले. साध्या कागदाला खेड्यात कोण विचारतो? साहेबांची सही घेतली नाही. लहान गोष्टींसाठी त्यांना त्रास नको.

शनिवार, ३० डिसेंबर
चाचणी. रुपरावने चौदा किलोमीटर, त्यात तीन वेळा टेकडी, छत्तीस मिनिटांत पुरे केले. जागतिक विक्रम असावा. साहेबांना सांगायला निघालो. वाटेत लक्षात आले की घड्याळ बंद पडले आहे. तरी प्रगती दिसते.

बुधवार, ३ जानेवारी १९७९
सालईटोल्याहून कार्ड. सरपंचांच्या आई रुखमाबाई यांनी लिहवून घेतले आहे. 'पत्र पावले. शिक्का पाहिला. गावात बैठक झाली. कोणी उपाशी जाणार नाही, निश्चिंत असावे.'

प्रेमिलाला वाचून दाखवले. म्हणाली, तुम्ही त्यांना नेमकं काय मागितलं? म्हटले, व्यवस्था.  तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

रविवार, ७ जानेवारी
आज स्वतः रुपरावबरोबर पळालो. मार्गदर्शकाला अनुभव हवा. सेमिनरी हिलच्या पहिल्या वळणापर्यंत गेलो. वळण दिसते त्यापेक्षा लांब आहे. पुढचे नीट आठवत नाही. रुपरावने मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी आणले. ह्या निमित्ताने त्याचा ओझे वाहून नेण्याचा सराव झाला.

सोमवार, ८ जानेवारी
रजा. पाय.

गुरुवार, १८ जानेवारी
साहेबांनी विचारले, तयारी कशी आहे. म्हटले, संपूर्ण. म्हणाले, रुपरावची? म्हटले, त्याचीही.

संध्याकाळी रुपराव डाक देऊन आला तेव्हा त्याला म्हटले, घाबरू नकोस, विसाव्याला मी आहे. म्हणाला, घाबरून नाही राहिलो बाबूजी. धाकटी विचारून राहिली होती, बाबा पहिला येईन का. तिले म्हटलं, तिसरा आला तरी जमते.

शनिवार, २० जानेवारी. संध्याकाळी ६
एस.टी.ने मोहगडच्या पायथ्याला पोचलो. स्पर्धक शाळेत मुक्कामाला. रुपराव सोडून बाकी सगळ्यांकडे बूट. रेल्वेचा एक उंच माणूस आहे, गिरणीतले दोघे, कॉलेजचे चार-पाच. एक निवृत्त हवालदार वामनराव, वय सत्तावन्न. ते पळायला का आले आहेत असे मी सहज विचारले. म्हणाले, घरी सून हाये.

मी बैलगाडीने पुढे सालईटोल्याला आलो. गावाने स्वागत केले. रुखमाबाई सत्तरीच्या, काटक, आवाज खणखणीत. म्हणाल्या, तुमी पाहत राहा भाऊ, कशी व्यवस्था होते तं.

लवकर झोपतो. संकल्प: पाचला उठणे.

रविवार, २१ जानेवारी. सकाळी ७.१०
उठलो. साडेसहाला तिकडे दौड सुटली असेल. पारामागे धूर आहे. थंडी फार, शेकोटी असावी.

७.४०. शेकोटी नाही. रोडगे. कणकेचे मुठीएवढे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरलेले. मोजले नाहीत, पण शंभरावर असतील. शेजारी वांग्याच्या भाजीचे मोठे गंज, वरण, आणि तुपाचा डबा. रोडगा भाजून फोडतात आणि तुपात बुडवतात. दोन खाल्ले की धडधाकट माणूस चार तास बोलत नाही.

रुखमाबाईंना विचारले, हे कोणासाठी? म्हणाल्या, तुमच्याच पाहुण्यायसाठी न गा भाऊ. बाया रातीपासून खपून राहिल्या.

शांत राहिलो. स्पर्धकांना फक्त पाणी द्या, असे सांगितले की झाले.

८.२२. रुपराव! एकटाच. उतारावरून असा येतो आहे की जणू डाक घेऊन धंतोलीला निघाला आहे. त्याच्या मागचा माणूस डोंगराच्या खांद्यावर, ठिपक्याएवढा. दहा-अकरा मिनिटांचे अंतर. घड्याळ चालू आहे, कानाशी लावून पाहिले. माझ्या पद्धतीचा विजय.

८.२५. अडचण. रुखमाबाई पाण्याची बादली घेऊन वाटेवर उभ्या, डावी-उजवीकडे दोन बाया. पाय धुतल्याशिवाय पुढे जायचे नाही. मी म्हटले, बाई, त्याला जाऊ द्या, शर्यत आहे. त्या पारावर गेल्या आणि पत्र घेऊन आल्या. मारुतीपुढे ठेवले होते, शेंदूर लागला आहे. म्हणाल्या, वाचा. मी वाचले. म्हणाल्या, कोणी उपाशी जाता कामा नये, सरकारचा शिक्का हाये. हा उपाशी गेला तं गंभीर दखल कोण घेईन, तुमी का मी?

लेखी आदेश तोंडी रद्द करता येत नाही, हे मी अठरा वर्षे लोकांना सांगत आलो आहे. रद्द करायला कागद हवा. कागद नागपुरात.

रुपराव माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, बाबूजी, बसू का? दोन मिनिटांचा प्रश्न होता. एक रोडगा. लेखाप्रमाणे ते आवश्यकही होते. म्हटले, बस.

८.३४. बसला आहे. वाढलेले नाही. आठ पत्रावळी मांडल्या आहेत आणि पंगत भरल्याशिवाय वाढत नाहीत. मी म्हटले, त्याला तरी वाढा. रुखमाबाई म्हणाल्या, एकट्याले वाढाले तो का भिकारी हाये?

८.३६. रेल्वेचा उंच माणूस आला. पाय धुतले. बसला.

८.४४. गिरणीतले दोघे. बसले. कॉलेजचे तिघे. एकाने पळून जायचा प्रयत्न केला, एका म्हातारीने त्याचे बनियन धरले. बसला. सात झाले. रुपराव रस्त्याकडे पाहतो आहे.

८.५३. आठवे वामनराव. हात मागे बांधून, चालत. पाय धुवायला स्वतःच पुढे केले. पत्रावळीवर बसून म्हणाले, वा.

हर हर महादेव झाले. वाढप सुरू.

९.०४. रुपरावचा एक रोडगा संपला. हात पत्रावळीवर धरून बसला आहे. रुखमाबाईंनी हातावरून दुसरा टाकला. खाय न बापू, कवाचा पळून राहिला.

९.०७. रेल्वेचा माणूस अर्धवट उठला. मागून म्हातारी कडाडली, पंगतीतून उठते का कोणी? बाप मेला का तुहा? तो बसला. त्याच्या कानापर्यंत लाली. आता कोणी उठणार नाही. सगळ्यांत वडील माणूस उठेल तेव्हाच पंगत उठते, आणि सगळ्यांत वडील वामनराव आहेत.

९.१०. आणखी तिघे आले. हे सगळ्यांत मागे होते, पायात पाय अडकत होते. रुखमाबाई म्हणाल्या, पंगत भरली, तुमी दुसऱ्या पंगतीले बसा, हे उठले का लगेच. तिघांनी एकमेकांकडे पाहिले, ड्रममधले पाणी प्याले आणि निघून गेले. गावाचा मान ठेवला नाही. लेखाप्रमाणे पंचविसाव्याच्या आत कोसळतील.

९.१८. वामनरावांजवळ जाऊन हळूच म्हटले, थोडे लवकर जमेल का. त्यांनी घास गिळला, पाणी प्याले. म्हणाले, फौजेत तेवीस वर्सं मले कोणी बसून खाऊ देल्लं नाही. आता बसलो तं बसू द्या. मग तूप मागितले.

९.२७. वामनरावांचा तिसरा रोडगा. ते एकेक वांगे देठापासून सोलून खातात.

रुपराव माझ्याकडे पाहत नाही.

९.४०. पंगत उठली. हात धुणे. सुपारी. आठही जण बरोबर निघाले. पळाले असे म्हणवत नाही. कॉलेजचा एक वळणावर झाडाखाली आडवा झालेला दिसला. रुपराव मात्र पळाला. पोटावर हात दाबून, पण पळाला. मी शिट्टी वाजवली.

रुखमाबाई म्हणाल्या, आता तुमी बसा भाऊ. नाही म्हणणे बरे दिसले नसते.

दुपारी ३. पायथा
बैलगाडी उशिरा पोचली. गाडीत झोप लागली होती. निकाल फळ्यावर लावला होता.

पहिले, दुसरे, तिसरे: ड्रमचे पाणी प्यालेले तिघे.

चौथा रुपराव.

तिसऱ्यानंतर चार मिनिटांनी. म्हणजे अर्ध्या तासाचे अंतर त्याने दुसऱ्या डोंगरावर, पोटात दोन रोडगे घेऊन, चार मिनिटांवर आणले. मंडळाचा एक माणूस म्हणाला, हा कुठे बसून होता काय? मी फळा पाहत राहिलो.

न्यायाने पाहिले तर पंगतीतल्या आठांत तो पहिला आहे, आणि मोठ्या फरकाने. ही गोष्ट साहेबांपुढे नीट मांडायला हवी.

रुपराव शाळेच्या पायरीवर बसला होता. म्हटले, छान पळालास. म्हणाला, बाबूजी, एस.टी. किती वाजता हाये?

रात्री ८. घरी
 प्रवासात रुपरावजवळ मी दोन-तीनदा विषय काढला. सीताबर्डीला उतरून तो चालत गेला.

प्रेमिलाला सगळे सविस्तर सांगितले. गावकऱ्यांचा अतिउत्साह, मंडळाचा ढिसाळपणा, वामनरावांचे चावणे. तिने एकच विचारले, पत्र कोणी लिहिलं? म्हटले, जेवायला काय आहे? म्हणाली, तुम्ही तर जेवून आले.

साहेबांसाठी टिपण तयार केले. मुद्दे चार. एक, स्थानिक रूढींमुळे स्पर्धेत खंड पडला. दोन, खंडाचा फटका आघाडीवर असलेल्या उमेदवारालाच बसला. तीन, मंडळाने पर्यवेक्षक नेमला नव्हता. चार, सदर उमेदवार त्याच्या गटात प्रथम आहे. पत्राचा उल्लेख केलेला नाही. मूळ मुद्द्याशी त्याचा थेट संबंध नाही. टिपण चांगले झाले आहे.

संकल्प: उद्या बरोबर साडेदहाला साहेबांकडे जाणे.

सोमवार, २२ जानेवारी. सकाळी
साडेदहाला गेलो. रुपराव आधीच आत उभा होता. साहेबांनी त्याला विचारले, पुढे होतास असे ऐकतो, मग मागे कसा पडलास? तो म्हणाला, भूक लागली साहेब, जेवाले बसलो. साहेब म्हणाले, शर्यतीत? तो म्हणाला, हो. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. टिपण माझ्या खिशातच राहिले.  साहेब म्हणाले, मग झाले, जा.

बाहेर त्याला विचारले, असे का सांगितलेस? म्हणाला, पत्राचं सांगतलं असतं तं शिक्क्याचं निघालं असतं. माही नोकरी तं जाऊनच राहिली बाबूजी. दोघायची कायले? डाकेची पिशवी खांद्याला लावून तो धंतोलीला गेला.

मी टेबलाशी थोडा वेळ बसलो. मग पुन्हा आत गेलो आणि पत्र मी लिहिले होते असे सांगितले. शिक्क्याचेही सांगितले.  साहेब म्हणाले, रुपरावच्या शिफारशीचा कागद मी वर पाठवतो. चौथा का आला ह्याचा तुमचा लेखी खुलासा सोबत लागेल. तो वाचून वरचे लोक त्याचे काय ते ठरवतील, आणि तुमचेही. दोन वाजेपर्यंत द्या.

आता बारा वाजले आहेत. टिपण फाडले. खुलाशाची एक ओळ झाली आहे. पत्र मी लिहिले.